शेजारच्या मावशी आणि ढोल

कासारवाडीत माझ्या शेजारी निघोजे गावच्या एक मावशी राहतात. आवाज खणखणीत. पण मी घरात मार्केटिंगच्या ऑनलाइन कोर्सचे व्हिडिओ करायला बसलो, की त्या मिक्सर बंद ठेवतात, जिन्यातल्या पोरांना दटावतात. मला वाटलं, बाई आपल्या चाहत्या आहेत. एकदा विचारलंच, माझे व्हिडिओ बघता का?

"व्हय सर, रोज लावते. तान्ही नात तुमच्या आवाजानं लगीच झोपती."

मी दुखावलो. पुढचा व्हिडिओ रंजक व्हावा म्हणून शेवटाकडे जोरदार ढोल घातला. दुसऱ्या दिवशी मावशी दारात, कडेवर नात.

"सर, त्यो ढोल काढा की. पोर दचकून उठली, परत डोळा लागंना."

ढोलाबद्दल एकाही विद्यार्थ्यानं अवाक्षर काढलं नव्हतं. तिथवर कुणी पोचलंच नसावं. मी ढोल काढला आणि मावशींना तसं सांगून आलो.