टाचणीताईची आई पुढच्या दाराने आली

शिवणाच्या दुकानात सगळे तिला टाचणीताई म्हणत. माप घेताना, कापड दुमडताना तिच्या ओठांत कायम टाचण्या असत. त्यामुळे ती बोलत नसे. लोक म्हणत, किती शांत मुलगी.

ती पुलापलीकडच्या वस्तीतली. गिऱ्हाइकं त्या वस्तीबद्दल तिच्यासमोरच बोलत: भांडखोर लोक, चोरटे लोक. तिच्याकडे पाहून कुणाला शंका येत नसे. मालकीणबाईंना मात्र माहीत होतं. "तू त्यांच्यातली वाटतच नाहीस," त्या कौतुकाने म्हणत. ताई टाचण्या चावत हसायची.

तिची आई मात्र वाटायची. रंग, डोक्याचा रुमाल, खणखणीत आवाज. दुपारी ती लेकीचा डबा घेऊन मागच्या पायरीवर बसे.

त्या दिवशी मी स्टुलावर हात पसरून उभी होते. मुलाखतीसाठी कोट शिवून घेत होते. ताई काखेपाशी टाचण्या लावत होती. बाई आल्या आणि ताईला म्हणाल्या, मी आता लेकाकडे राहायला जाणार, दुकान तुझ्याच हाती देते. ताईचे डोळे भरले. याच दुकानासाठी ती इतकी वर्षं राबली होती.

"फक्त एक कर. आईला येऊ देऊ नकोस, मागूनही नको. माझं काही नाही गं, पण गिऱ्हाईक बिचकतं."

ताई थांबली. एकेक टाचणी ओठांतून काढून मनगटावरच्या उशीत खोचली.

"बाई, मी तिचीच आहे."

मला तिने खाली उतरवलं. मागून आईला घेऊन आली, पण दुकानाला वळसा घालून, पुढच्या दाराने. दोन गिऱ्हाइकं बाजूला सरकली. आईला स्टुलावर चढवून ती म्हणाली, "हात वर कर."

"कोट कशाला मला? लग्न ठरवलंस की काय माझं?"

कुणी हसलं नाही. मी हसले, आणि मग मलाही पुढे हसवेना. बाईंनी टेबलावरची दुकानाची किल्ली उचलून पर्समध्ये टाकली. ताईने ते पाहिलं आणि माप पूर्ण घेतलं.

माझा कोट तिने घरी संपवला. आता ती घरीच शिवते, गिऱ्हाइकं थोडी आहेत. टाचण्या उशीतच असतात. आई कुरकुरते, "तोंडात होत्या तेच बरं होतं. आता हिची बडबड थांबत नाही."