चहाच्या टोपावरचा मास्क

हरीकाका कुणाचाही नवा मास्क आधी चहाच्या टोपावर धरायचे. कळंबला सुरूच्या झाडांत पेंटबॉलचं मैदान होतं. बंदुकीतून रंगाच्या गोळ्या मारून एकमेकांना टिपायचा खेळ. शनिवार-रविवारी तिथल्या गेटवर हरीकाका असायचे; चहाची टपरी आणि खेळाचं भाड्याचं सामान तेच सांभाळायचे. चहाला उकळी आली की मास्क वाफेवर धरायचा आणि मनातल्या मनात वीस आकडे मोजायचे. तेवढ्यात काच धुरकटली तर मास्क नापास, मग तो कितीही देखणा असो. नापास मास्क टपरीमागच्या निळ्या क्रेटमध्ये जायचा.

माझी त्यांची ओळख अशा नापासातूनच झाली. ऑफिसच्या सहलीत एकदा खेळलो काय, आणि मला वेडच लागलं. आठवडाभर मोबाईलवर व्हिडिओ पाहून मी स्वतःला जाणकार समजू लागलो होतो. एक काळी बंदूक मागवली, लष्करी छापाचे कपडे मागवले, कोपरांचे, गुडघ्यांचे गार्ड मागवले. शेवटी पैसे संपत आले तेव्हा एका काचेचा स्वस्तातला मास्क मागवला. ते खोकं मांडीवर घेऊन रिक्षाने विरारहून कळंबला गेलो. हरीकाकांनी एकेक वस्तू काढून बाकावर रुखवतासारखी मांडली. मास्क बारा आकड्यांत नापास झाला.

"बंदुकीवर एवढे घातलेस आनि डोळ्यांवर उरलंसुरलं?" ते म्हणाले. "बंदूक मी भाड्याने देतो रे. डोळे कुठून देऊ?"

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण माणूस बोलत राहिला आणि मी ऐकत राहिलो. सहा महिने बंदूक भाड्याची वापर, तुला खेळ झेपतो का ते आधी कळू दे. विकत घ्यायचा तो फक्त मास्क, एकावर एक दोन काचांचा, म्हणजे धुरकटत नाही. अंगात जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट. "फाटका घाल. रंगाला काय कळतंय?" हातात बागकामाचे मोजे, गळ्याला पंचा. ते स्वतः जवळच्या वटार गावातल्या आपल्या वाडीत केळीला पाणी देताना जो सदरा घालत, तोच घालून मैदानावर यायचे. मी मुकाट्याने बंदूक परत पाठवली आणि त्या पैशांत चांगला मास्क घेतला. जुना मास्क त्यांच्या क्रेटमध्येच राहिला.

पुढे जवळजवळ प्रत्येक रविवार तिथे गेला. आम्ही खेळत असताना ते स्टीलच्या ताटात गोळ्या फिरवत बसायचे. जी गोळी डगमगत जाईल ती बाजूला. "हवेतलं पानी पिते ही. बंदुकीतच फुटेल," म्हणायचे. बायकोला त्यांच्या वाडीतली केळी आवडायची, आणि त्यांना माझी फजिती सांगायला आवडायची. नवीन कुणी महागडं खोकं घेऊन आला की मला हाक मारून म्हणायचे, "ये, तुझा भाऊ आलाय." घाबरलेल्यांना मात्र कधी हसले नाहीत. त्यांना एवढंच सांगायचे, "मास्क उतरवायचा तो गेटबाहेर. आत आलात की तुम्ही माझे."

मग माझा मेहुणा निलेश पुण्याहून आला आणि त्याला नि बायकोला घेऊन मी मैदानावर गेलो. त्याच्यासमोर मला मिरवायचं होतं. भाड्याचे सगळे मास्क एका कंपनीच्या लोकांनी घेतले होते. "अर्धा तास थांब," हरीकाका म्हणाले. अर्धाच तास. पण त्या दिवशी माझ्या अंगात काय शिरलं होतं कोण जाणे. ते गोळ्या आणायला शेडमध्ये गेले, तेव्हा मी क्रेटमधला माझाच जुना मास्क काढला, शर्टाला पुसला आणि निलेशला देऊन आत घेऊन गेलो. दहा मिनिटांत काच धुरकटली. निलेशने पुसायला मास्क वर केला, आणि गोळी डाव्या डोळ्याला लागली.

गाडी येईपर्यंत त्याला बाकावर बसवलं होतं. बायको रडत होती. मैदानाचे मालक नेमके तिथेच होते. त्यांनी मास्क उचलून विचारलं, "हरी, हा कोणी दिला?"

हरीकाकांनी मास्क ओळखला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी निलेशच्या डोळ्यावर बर्फ धरला होता, तो आणखी घट्ट धरला. बायकोसमोर, सासरी, माझी काय किंमत राहील, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"गेटवर मी होतो, साहेब," हरीकाका म्हणाले.

त्यांना त्याच दिवशी काढलं. हरीकाका गेटवर कसलेही मास्क देतात, असं लोक बोलू लागले. ज्या माणसाने मला डोळ्यांची किंमत शिकवली, त्याच्याबद्दल हे मी कानांनी ऐकलं आणि गप्प बसलो. मालकांचा नंबर माझ्याकडे होता. उद्या सांगू, परवा सांगू, करता करता पावसाळा गेला, दिवाळी गेली. मी भित्रा निघालो, दुसरं काही नाही.

सव्वा वर्षाने वटारला गेलो. हरीकाका केळीला टेकू लावत होते. बरेच वाकले होते. मला पाहून त्यांनी पहिलं विचारलं, "मेहुन्याचा डोळा कसा आहे?"

"दिसतं. वाचताना ठिपका येतो अजून."

त्यांनी मान हलवली आणि घरात चहा ठेवायला सांगितला. ओट्यावर बसून मी सगळं बोललो. जे त्यांना ठाऊकच होतं तेच पुन्हा सांगितलं. "आत्ता मालकांना फोन करतो," मी म्हटलं.

"मैदान कधीच बंद झालं. आता कोनाला सांगून काय?" ते शांतपणे म्हणाले. चहा आला, त्यांनी कप माझ्याकडे सरकवला.

"त्या दिवशी मालक जा म्हणाला, तरी मी गेटवरच बसून होतो," ते म्हणाले. "म्हटलं, पोरगा घाबरलाय. दवाखान्यात पोचला की फोन करेल. सात वाजेपर्यंत बसलो. मग गेट लावलं आनि घरी आलो."

मला वर बघवेना.

"चहा घे," हरीकाका म्हणाले. "निवतोय."