सातवा फटका नसतो

जर्मनीतल्या या मिनी गोल्फच्या मैदानावर मी आठवडाभरापूर्वीच कामाला लागलो. काल एका आजीबाईंचा चेंडू सहाव्या फटक्यालाही भोकात गेला नाही. याआधी दुबईतल्या अशाच मैदानावर आम्ही गिऱ्हाइकाला दमेपर्यंत खेळू द्यायचो, म्हणून मी चेंडू परत मांडला. "मारा की अजून!"

"सहा झाले. आता सात लिहायचे आणि पुढच्या पट्टीवर, पुढच्या भोकाकडे जायचं," त्या ठणकावून म्हणाल्या.

यांनी मालकाला सांगितलं तर नोकरी जायची, म्हणून मी हात जोडले. पण हा नियम कडक म्हणावा की मायेचा? इथे सहादा चुकूनही पुढे जाता येतं; नववीत मी एकदाच नापास झालो आणि शाळाच सुटली.

आजीबाईंनी काठी माझ्या हातात दिली. "घाबरतोस काय? तू तर अजून एकही मारला नाहीस."

मारायच्या आधीच मी त्यांचे आभार मानून बसलो.