ताट बंद करा!

सुमतीअक्का गेल्याचं कळलं तेव्हा मी लेकीची वेणी घालत होते. फोनवर त्यांचे यजमान, श्रीनिवासअण्णा, एवढंच म्हणाले, "सुमती गेली बघ..." आठवडा होत आला, अजून खरं वाटत नाही.

अक्का बालरोगतज्ज्ञ. राजाजीनगरातलं जुनं मराठी घराणं. बोलण्यात कन्नड इतकं, की पुण्याहून आलेल्या मला आधी अर्धंच कळायचं. जीभ फटकळ. तरी या लेकीच्या वेळी, माझ्या बाळंतपणाला त्या हव्यातच, असा मी हट्ट धरला होता. बरं झालं धरला.

कारण बाळ बाहेर आलं आणि रडलंच नाही. पोटातच शी केली होती. तो हिरवा चिकटा घशात अडकलेला, अंग लुळं. मी मान उचलून बघतेय, कुणी काही सांगत नाही... तेवढ्यात दाराबाहेर ठणठणाट! सासूबाई. बाळ रडलं नाही की आमच्याकडे ताट वाजवतात. डब्यातलं ताट काढून त्या चमच्यानं जिवाच्या आकांतानं बडवत होत्या. बाळ वाचावं, एवढंच बिचाऱ्यांच्या मनात.

अक्का कडाडल्या, "ताट बंद करा! ठोके ऐकू येत नाहीयेत मला!" बाहेर एकदम चिडीचूप. नर्सनं नळी नाकाकडे नेली, तर म्हणाल्या, "स्वल्प थांब गं! आधी तोंड, मग नाक. नाकात घातलीस की दचकून श्वास ओढेल, तोंडातलं सगळं छातीत जाईल." नळीनं खरखर ओढून घेतलं. तरी गप्पच. मग तो इवलासा मास्क, पिशवी दाबून आत सोडलेली हवा... मी देवाला शिव्या घालत होते, खरंच सांगते. आणि मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज आला. पाठोपाठ भोकाड! अक्का मटकन स्टुलावर बसल्या. "घाबरले होते गं मी," म्हणाल्या.

परवा त्यांच्या घरी भेटायला गेलो. पुढच्या खोलीत त्या मुलांना तपासायच्या. आता तिथं सतरंजीवर माणसं मान खाली घालून बसलेली. लेकीचं कशावरून तरी बिनसलं आणि तिनं गळा काढला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पटकन तिच्या तोंडावर हात ठेवला.

अण्णांनी तो बाजूला केला. "रडू दे गं. याच आवाजासाठी जन्मभर कान लावून बसली ती..."

लेक त्या खोलीत मनसोक्त रडली. आम्हीही.