डालग्यावरचा पाटा

शेजारची पारूमावशी संध्याकाळी कोंबड्या डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपलीखाली कोंडते आणि वर जुना दगडी पाटा ठेवते. वरून कोण येणार? पण कोल्हा खालून आला. त्याने माती उकरली आणि सकाळी पिसंच पिसं. वाचली फक्त पडवीच्या कोपऱ्यात, पाटीत अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी.

वन्यप्राणी वाचवा म्हणून पत्रकं वाटणारी मी तावातावाने वनखात्याच्या कचेरीत भरपाई मागायला गेले. "कोंबडीचा पंचनामा नसतो हो," साहेब हसले. हसण्यासारखं काय होतं त्यात?

"तुझ्या कागदात माझी कोंबडी प्राणी न्हाई का गं?" मावशीने विचारलं.

रान आपणच तोडलं, कोल्ह्यालाही पिल्लं असतील, हे सगळं मला तोंडपाठ आहे. पण खरं बोलल्याने डालग्याखालची माती घट्ट होत नाही. कोणाच्या बाजूने ओरडू?

आज मावशीने खुडूक पाटीसकट घरात, अंथरुणापाशी नेली. मग बाहेर येऊन रिकाम्या डालग्यावर पाटा चढवू लागली. मी हात लावला.

"आता कशाला, मावशी?"

"त्याला वाटू दे, ती हितंच हाय."