हरायला बोलावलेला पलूका

पलूका कधी जिंकत नसे आणि कधी पडतही नसे. माझा संशय इथूनच सुरू झाला. खरोखर हरणारा माणूस एखाद्या वेळी तरी आडवा होईल की नाही?

आखातात, इंटरनॅशनल सिटीत आम्ही एकाच इमारतीत राहायचो. तो जबल अलीच्या एका गोदामात सुपरवायझर होता. रोज माझ्याच गाडीतून कामावर यायचा. शनिवारी बॉक्सिंगच्या लढती खेळायचा. ‘पलूका’ हे नाव त्याच्या म्हाताऱ्या अमेरिकन कोचने ठेवलेले. त्यांच्या जुन्या बोलीत बेताच्या बॉक्सरला असे म्हणत. त्याला त्याचे काही वाटत नसे. "साहेब, सुमार माणसं नसतील तर हे चांगले लोक हरवणार कुणाला?"

एकदा मी सरळ विचारले, "फिक्सिंग आहे ना?"

"छे हो! ज्याच्या नावावर तिकिटं खपतात, त्याच्यासमोर मला उभं करतात. तो तरुण असतो, मी हरतो. फक्त नॉकआउट व्हायचं नाही. झालो की डॉक्टर बसवून ठेवतो, पुढची लढत खलास. मग पोरीची फी कुठून भरू?"

मुलगी शारजाला कॉलेजात होती. मला काही हे पटले नाही. "मग या बघायला," तो म्हणाला. मी गेलो. हट्ट करून मुलगीही आली.

पलूका नेहमीप्रमाणे हात वर धरून मागे मागे सरकत होता. लोक हसत होते. मुलगी उठून ओरडली, "बाबा, हिट हिम! जस्ट वन्स!"

समोरचा पोरगा प्रेक्षकांना हात दाखवत होता. पलूकाचा डावा ठोसा त्याच्या हनुवटीवर बसला. पोरगा खाली बसला तो उठलाच नाही. पलूका मात्र आयोजकाच्या खुर्चीकडे बघत राहिला, दुसऱ्याच्या घरी हातून काचेचे भांडे फुटल्यासारखा.

गाडीत मुलीने विचारले, "फॉर मी, ना?"

"नाही गं. चुकून लागला."

त्यानंतर त्याला बोलावणे आले नाही. जिंकू शकणारा पलूका कुणाला हवा? फी थकली, आणि मुलीचे कॉलेज अर्ध्यावर सोडून दोघे पुण्याला निघाले.

विमानतळावर मी त्याला बाजूला घेतले. "आता तरी खरं सांग."

"चुकूनच, साहेब."

मी पहिल्या रांगेत होतो. ठोसा मारण्याआधी त्याने मुलीकडे पाहिले होते, मग पाय रोवला होता. पण ती ट्रॉलीपाशी उभी राहून ऐकत होती.

"हो," मी मोठ्याने म्हणालो, "मीही पाहिलं ना. चुकूनच लागला."