बुरुलचाचा धूर

बुरुलचाच्या धुराचा गावात दरारा होता. कुणाचं बाळ रडून रडून निळं पडलंय, कुणाची घोडी अडलीय, कुणी नव्या घरात राहायला जातंय, की आलंच तिला बोलावणं. मग ती लोखंडी कढईत निखारे घ्यायची, त्यावर अर्चाच्या वाळक्या डहाळ्या टाकायची आणि पुटपुटत घराच्या कोपऱ्याकोपऱ्यांतून फिरायची. डोंगरावरच्या त्या झुडपाचा धूर गेला तिथं बला टिकत नाही, हे तिला आईनं शिकवलं होतं आणि आईला तिच्या आईनं. परक्यांच्या घरी बोलावल्यावर, पण स्वतःच्या घरी रोज, सकाळ-संध्याकाळ. कारण घरात सेझिम होती.

सेझिम ही तिचा मुलगा मैरामबेक याची थोरली. पहिलं मूल आजी-आजोबांच्या ओटीत घालायची आमच्याकडे रीतच आहे. मैरामबेक राजधानीत, बिश्केकला, फरशा बसवायचा, बायको तिथंच शिवणकाम करायची, आणि पाच वर्षांची सेझिम इथं नारिनच्या डोंगरांत बुरुलचाला ‘अपा’ म्हणजे आई म्हणत वाढत होती. बापाला ती थोरल्या भावासारखी सरळ नावानं हाक मारायची.

थंडी सुरू झाली तशी पोरगी बिघडली. तोंड सदा उघडं. दुपारी झोपली की अशी घोरायची की बुरुलचाचा म्हातारा नवरा तोक्तोसुनसुद्धा लाजावा. मध्येच श्वास अडकून दचकायची. हाक मारली तर तीनदा मारावी लागे. ‘आळशी झालीय नुसती,’ असं म्हणून बुरुलचा तिच्यावर खेकसायची आणि मग स्वतःच हळहळायची.

हिवाळ्याच्या मांसासाठी घोडा कापायला मैरामबेक आला, त्यानं हे पाहिलं.

“अपा, हिला मी घेऊन जातो.”

“कुठं? त्या काळ्या धुक्यात? तिथं कावळेसुद्धा खोकतात!”

“तिथं मोठे डॉक्टर तरी आहेत. नोरुझपर्यंत वाट बघतो. तोवर बरी झाली नाही तर नेणार म्हणजे नेणार.”

नोरुझ म्हणजे वसंताचा सण. मध्ये सगळा हिवाळा होता. बुरुलचानं नाक मुरडलं, पण दुसऱ्याच दिवशी पोरीला घेऊन नारिन शहरातली डॉक्टरीणबाई गाठली. तिचं नाव दामिरा.

“घशातले टॉन्सिल वाढलेत,” दामिरा म्हणाली. “नाकाच्या मागे अ‍ॅडिनॉइड म्हणून एक गाठ असते, तीही फुगलीय. म्हणून तोंडानं श्वास. कानाची वाटही तिथंच उघडते ना, ती तुंबलीय. पोरगी आळशी नाही अपा, तिला ऐकू कमी येतंय.”

केवढं बोललो आपण लेकराला!

“कशानं होतं हे?”

“एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. सारखी सर्दी, सारखा घसा धरणं, हे नेहमीचं. धुळीची अ‍ॅलर्जी असू शकते. जेवल्या जेवल्या झोपलं की पोटातलं आंबट घशाशी येतं, त्यानंही कधी. काहींच्या घराण्यातच असतं. आणि धूर. घरात कुणी ओढतं का?”

“माझ्या घरात?” बुरुलचा ताठ झाली. “म्हातारा सिगारेटीला अंगणातल्या बाकावर जातो. बर्फ पडो, वारं सुटो. माझ्या घरात धूर म्हणून नाही!”

तिच्या शालीला अर्चाचा वास येत होता. पण तिच्या लेखी तो धूर नव्हताच, ते औषध होतं.

दामिरानं नाकात मारायचा फवारा दिला. “नोरुझनंतर आणा. तेव्हाही असंच असलं तर ऑपरेशनचं बघू.”

घरी आल्यावर बुरुलचानं पदर खोचला म्हणा ना. नमद्याचे जाड लोकरी गालिचे बर्फावर उलटे घालून तिनं असे बडवले की शेजारची कुत्री भुंकायला लागली. तोक्तोसुनला छपरावर चढवून चुलीच्या धुराड्याच्या भेगा चिखलानं लिंपून घेतल्या. पोरीचं जेवण लवकर, झोप उशिरा. नाक मिठाच्या पाण्यानं धुणं. शेंबडी पोरं फाटकातूनच परत. शेजारीण सातकिन मेंढीच्या शेपटीची चरबी औषधाला घेऊन आली, “थंड आयरानचं ताक पाजलंस, दुसरं काय!” म्हणाली, तेव्हा तिलाही चार शब्द ऐकवून झाले.

आणि एवढं सगळं करताना अर्चाचा धूर तिनं वाढवला. सकाळ-संध्याकाळ होता, आता दुपारीही. पोरीच्या डोक्यावरून, उशीखालून, नाकाजवळून.

सेझिम आणखी घोरायला लागली.

तेवढ्यात बहिणीच्या दिराच्या मयताची बातमी आली. रडायला जायलाच हवं होतं. खिंडीपलीकडच्या गावी बुरुलचा जाऊन राहिली, सगळे विधी आटोपून परतली ती भरदुपारी. घर शांत. आत गेली तर सेझिम गादीवर पडलेली, तोंड जवळजवळ मिटलेलं.

“सेझिम,” ती हळूच म्हणाली. पोरीनं पहिल्याच हाकेला डोळे उघडले.

बुरुलचा म्हाताऱ्याकडे वळली. “काय दिलंस हिला?”

“चहा. बटाटे.”

“खरं सांग!”

“खरं म्हणजे,” तोक्तोसुन दाढी खाजवत म्हणाला, “तुझा धूर केला नाही. एकदाही नाही. डोळ्यांत जातो माझ्या. विसरलो म्हणून सांगणार होतो.”

झालं! बुरुलचा अशी भडकली की म्हाताऱ्यानं टोपी घेऊन बाकाचा रस्ता धरला. राहिलेला सगळा धूर तिनं त्याच संध्याकाळी भरून काढला. घर पांढरं झालं. दुसऱ्या दुपारी सेझिमचं नाक चोंदलेलं, तोंड उघडं, आणि तोच घोरण्याचा आवाज.

कढई मांडीवर घेऊन बुरुलचा पोरीजवळ बसून राहिली. तिला रडू आलं आणि ती रडली. आईनं दिलेली विद्या, ज्या हातांनी बला घालवायची तेच हात! दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तिनं त्याची जीभ उपटली असती. पण हे तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

ती उठली, कढई घेऊन अंगणात गेली. तोक्तोसुन सिगारेट पेटवत होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं, कढईकडे पाहिलं आणि बाकावर सरकला.

“ये, ये. जागा आहे.”

“तोंड बंद ठेव!” ती म्हणाली आणि त्याच्या शेजारी बसली.

त्यानंतर धूर अंगणातच, दार लावून. बाकीचं काही तिनं सोडलं नाही. फवारा, मिठाचं पाणी, गालिचे, सगळं चालू.

नोरुझला मैरामबेक आला तो पोरीचे कपडे न्यायला रिकामी बॅग घेऊनच. अंगणात सगळं गाव जमलं होतं. बुरुलचा कढई घेऊन उभी, लोक धुरातून पुढे सरकत होते, आणि सेझिम वाऱ्याच्या उलट्या बाजूला.

“घरात नाही का फिरवायचा?” सातकिननं टोमणा मारला.

“फाटकातच हाकलली की बला आत येईल कशाला?” बुरुलचा म्हणाली. बायका हसल्या आणि सातकिनही हसली.

जेवणं झाल्यावर बऱ्याच वेळानं मैरामबेक झोपलेल्या पोरीला बघायला आत गेला आणि आतून ओरडला, “अपा! लवकर ये! हिचा आवाज येत नाहीये!”

सगळे धावले. बुरुलचा वाकली. सेझिमचं तोंड मिटलेलं होतं. नाकातून श्वास येत होता, जात होता, शांत.

“झोपलीय ती, गाढवा! माणसं अशीच झोपतात!” म्हणत तिनं पोरीचं पांघरूण सारखं केलं.

सेझिमनं डोळे न उघडताच कूस बदलली. “मैरामबेक किती ओरडतो. मला ऐकू येतं की.”

दुसऱ्या दिवशी दामिरानं घसा पाहिला, कान तपासले. “बऱ्याच उतरल्यात गाठी. ऑपरेशन आता नको. सर्दी झाली तर मात्र लक्ष ठेवा.” आणि मागच्यासारखंच विचारलं, “घरात कुणी ओढत नाही ना?”

“मीच करत होते धूर, बाई. आता मलाही अंगणात पाठवलंय.”

मैरामबेकची बॅग परत गेली ती घोड्याच्या मांसानं आणि लोण्यानं भरून. सेझिम त्याला सोडायला पोरांबरोबर गल्लीच्या टोकापर्यंत पळाली. गाडी सुटली, धूळ उडाली. बुरुलचानं फाटकातून, आवाज जराही न चढवता हाक मारली, “सेझिम.”

पोरगी पहिल्याच हाकेला वळली आणि तोंड मिटून, नाकानं श्वास घेत, पळत पळत तिच्याकडे आली.